आत्याचा राजीनामा

झाशी म्हटलं की पुण्यामुंबईची माणसं ताबडतोब एक वाक्य म्हणतात, हातात नसलेली तलवार उपसतात आणि आमच्याकडे कौतुकानं बघतात. त्यांना वाटतं, इथे उरलेले आम्ही सगळे अजून घोड्यावरून भाजी आणायला जातो. आम्ही ऑटोनं जातो, आणि दोन रुपयांवरून ऑटोवाल्याशी हुज्जत घालतो. आमचे पूर्वज कुणी दप्तर सांभाळायला, कुणी पूजा सांगायला, कुणी फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं राहून गेलं. आता आम्ही रेल्वेत, कचेरीत, बँकेत खुर्च्या झिजवतो आणि महिन्यातून एका रविवारी देवळामागच्या हॉलमध्ये जमून एकमेकांशी भांडतो. त्या भांडणाला मंडळाची सभा म्हणतात.

मराठीत सभेचा ठराव होतो. हिंदीत ठहराव म्हणजे थांबणं. कुठली गाडी कुठे किती वेळ थांबणार, हे आमच्या स्टेशनावर भोंग्यातून दिवसभर सांगत असतात. आमच्या मंडळात दोन्ही शब्दांचा अर्थ एकच होता. सभा ठरावापाशी आली की जी उभी राहायची, ती चहा येईपर्यंत हलायची नाही. हॉलच्या पंख्याचा विषय मी फ्रॉक घालत होते तेव्हा निघाला होता आणि माझी मुलगी ओढणी घ्यायला लागली तरी चालूच होता. मधल्या काळात कुणीतरी पंखा आणून बसवलाही होता, पण म्हणून विषय सोडायचं आमच्यात कुणाच्या मनात नव्हतं.

अशा मंडळाची मी कार्यवाह झाले. का, तर त्या दिवशी मी सभेला गेले नव्हते. जो गैरहजर, त्याच्या गळ्यात माळ, ही आमची निवडणुकीची पद्धत होती, आणि त्यात कुणावर अन्याय झाला म्हणून आजवर तक्रार आली नाही.

योगायोग असा, की त्याच उन्हाळ्यात आमच्या रेल्वेच्या कार्यालयानं मला ‘बैठका कशा चालवाव्यात’ अशा एका प्रशिक्षणाला बसवलं. जायचं होतं साहेबांना, पण साहेबांच्या मेहुणीचं लग्न निघालं. शिकवणारे गृहस्थ दिल्लीहून आले होते. झाशीच्या मे महिन्यात ते टाय बांधून उभे होते, त्यामुळे पहिल्या दिवशी मला त्यांच्या बोलण्यापेक्षा त्यांच्या जिवाची काळजी जास्त वाटली. पण माणूस चिवट निघाला. तो म्हणाला, विषय आधी कळवा. खुर्च्या गोल मांडा. एका वेळी एकानंच बोलायचं, आणि त्यासाठी एखादी वस्तू ठरवा, वस्तू ज्याच्या हातात त्याचीच पाळी. जे गप्प बसतात त्यांना मुद्दाम विचारा. कुणी भलतीकडे वळलं तर त्याचा मुद्दा फळ्यावर ‘गाड़ी खड़ी करने की जगह’ असं लिहून तिथे उभा करून ठेवा. आणि शेवटी, समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत त्याला परत सांगून बघा, त्याला तेच म्हणायचं होतं का म्हणून.

हे शेवटचं ऐकून मला हसूच आलं. माणूस समोर बसून घसा फोडून सांगतोय, आणि आपण पोपटासारखं तेच त्याला परत ऐकवायचं! बाकीचं मी मनावर घेतलं, हे सोडून दिलं.

वस्तू म्हणून मी नारळ निवडला. देवळामागचा हॉल, नारळाला तोटा नाही, आणि हातात धरला की माणूस हातवारे कमी करतो, असा माझा हिशेब होता. पहिल्या सभेत मी मानानं पहिला नारळ अध्यक्षांच्या हातात दिला. आमचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त हेडमास्तर. झाशीत कुणाच्याही बोलण्यातली चूक त्यांच्या कानातून सुटत नसे आणि त्यांच्या स्वतःच्या बोलण्याचा शेवट कुणाला कधी दिसला नव्हता. मी नारळ दिला आणि कोपऱ्यातून खुदकन हसू आलं. नाशिकच्या वहिनी हसत होत्या. त्यांचे यजमान फौजेत, नुकतीच छावणीत बदली झालेली. मंडळात अस्सल मराठी बोलणाऱ्या त्या आणि पुस्तकांतून मराठी जपलेली माझी आत्या, दोघीच.

“अध्यक्षांना नारळ दिलात की हो!” वहिनी म्हणाल्या.

कुणी हसलं नाही. आमच्याकडे नारळ देतात तो शुभकार्यात, सोयरीक पक्की झाली की. महाराष्ट्रात नारळ देणं म्हणजे माणसाला घरी पाठवणं, हे वाचून मला ठाऊक होतं, आत्या सोडली तर बाकीच्यांच्या ते गावीही नव्हतं. अध्यक्ष तर इतके खूश झाले, की नारळ त्यांनी मांडीवर घेतला तो सभा संपेपर्यंत सोडला नाही. त्या दिवशी नियम अक्षरशः पाळला गेला. एका वेळी एकच माणूस बोलला.

गप्प माणसांना विचारायचा प्रयोगही मी करून पाहिला. एक काकू वर्षानुवर्षं सभेत येऊन नुसत्या वाती वळत. मी म्हटलं, काकू, तुम्हाला काय वाटतं? काकूंनी वात खाली ठेवली आणि कुठल्याशा गणपतीत त्यांचं मोठं पातेलं कुणी नेलं ते सांगायला सुरुवात केली. नेणारी बाई समोरच बसली होती. फळ्यावर गाड्या उभ्या करायची जागा अर्ध्या तासात भरली. पातेलं, सतरंजी, कळसाचा रंग, पंखा, सगळे रांगेनं उभे, आणि ज्या विषयासाठी जमलो होतो त्यालाच जागा नाही.

तरी मी हात टेकले नाहीत. कारण त्या वर्षी एक खराच विषय होता, आणि तो माझ्या आत्याचा होता.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण, पण तिला सगळं मंडळच आत्या म्हणे. लग्न केलं नाही. शाळेत शिकवलं, निवृत्त झाली, आणि सदर बाजारामागच्या दोन खोल्यांत राहत होती. गणपतीत मुलांचं मराठी नाटक ती बसवायची. लिहायची तीच, शिकवायची तीच, पडद्यामागून बोलायचीही तीच. आमच्या घराघरांतली मुलं मराठी समजतात, बोलत नाहीत. आजीनं मराठीत विचारायचं आणि नातवानं हिंदीत उत्तर द्यायचं, असा कारभार. वर्षातून एकदा, दोन महिने तालमी करून, आत्या त्यांच्या तोंडून मराठी काढायची. मूल ‘ळ’ म्हणेपर्यंत ती त्याला घरी सोडायची नाही. कित्येकांच्या आया फाटकापाशी ताटकळत उभ्या असत, आणि आतून ‘बाळ, काळा, केळं’ असा गजर ऐकू येत असे.

आता मंडळातल्या तरुण आईबापांचं म्हणणं पडलं, की नाटक हिंदीत करावं. मुलांना पाठ होत नाही, शेजारीपाजारी येतात त्यांना कळत नाही, नुसते शिष्टाचारानं बसतात. म्हणणं खोटं नव्हतं. दुसरा गट म्हणाला, मग मंडळाला मराठी म्हणता कशाला? हेही खोटं नव्हतं. आत्या काही म्हणालीच नाही. मला एकटीला म्हणाली, “हिंदी नाटक काय, त्या मुलांना रोज रस्त्यावर बघता येतं. त्याला मी कशाला हवी?” हसतच म्हणाली. पण मला माहीत होतं, तिच्या वर्षाचे दहा महिने त्या दोन महिन्यांची वाट बघण्यात जातात. ते दोन गेले की तिच्याकडे उरतात नुसत्या दोन खोल्या.

तर ती सभा.

जवळच्या बरुआसागर गावची दोन कुटुंबं नेहमीप्रमाणे पिशवीत आलं आणि मिरच्या घेऊन आली होती आणि आल्या आल्या शेवटच्या बसची वेळ सांगून मोकळी झाली होती. खुर्च्या मी गोल मांडल्या. पाच मिनिटांत प्रत्येकानं आपली खुर्ची भिंतीला टेकवली आणि गोलाचा चौकोन झाला. नारळ फिरू लागला. हिंदीवाल्यांकडून मराठीवाल्यांकडे, तिथून पुन्हा हिंदीवाल्यांकडे. अध्यक्षांना मी तो मुद्दाम दिला नाही, तर ते नारळाशिवायच बोलले. एकानं आवाज चढवला तशी वहिनी म्हणाल्या, “अरे, खाली बस बघू आधी!” त्या आपल्या मुलाला म्हणत होत्या, तो खुर्चीवर उभा राहिला होता. बरुआसागरचे गृहस्थ पिशवी घेऊन ताडकन उठले. त्यांना वाटलं, खाली बस आली, म्हणजे रिकामी.

चहा आला तेव्हा कुठलाच गट कुणाचं ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता. अशा वेळी मंडळात एकच माणूस कामी येई. आम्ही त्यांना भैया म्हणायचो. कचेरीत, म्हणजे कोर्टात, पेशकार. म्हणजे न्यायाधीशांच्या शेजारी बसून तारखा देणारे. दिवसभर भांडणाऱ्यांच्यात बसून त्यांना भांडण मिटवायचा नाद लागला होता. शिवाय आत्याच्या अगदी पहिल्या नाटकातला प्रधान म्हणजे हेच. त्यात ते सगळं विसरले होते आणि आत्यानं पडद्यामागून सांगितलेलं प्रत्येक वाक्य त्यांनी, “मोठ्यानं बोल, मेल्या” यासकट, मोठ्यानं म्हटलं होतं. हे झाशीत अजून सांगतात.

भैया दोन्ही गटांना चहासकट दाराशी घेऊन गेले. अर्धं नाटक मराठी, अर्धं हिंदी, दोन्ही आत्यानंच बसवायची, असं त्यांनी बघता बघता जमवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. वहिनी मुलाला आवरत आतच होत्या, आणि आत्याही आत बसली होती. तिला हे कुणी सांगितलं नाही, कारण प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं सांगितलं असणार. मलाही तसंच वाटलं.

सगळे परत येऊन बसले. चेहरे उजळलेले. मी विजयी मुद्रेनं उठले, मधोमध गेले आणि नारळ आत्याच्या हातात दिला. हिचा होकार झाला की सुटलो.

भैया जागेवरूनच म्हणाले, “आत्या, बहुत हो गया झगडा. तुम्ही आता राजीनामा द्या, विषय संपवा. सगळ्यांची हीच इच्छा आहे.”

कचेरीत राजीनामा म्हणजे तडजोड. वादी-प्रतिवादी थकले, की ‘आम्ही राजी आहोत’ असा कागद देतात, तो राजीनामा. नोकरी सोडणाऱ्याच्या कागदाला झाशीत इस्तीफा म्हणतात. जन्मभर आमच्या कानांवर हेच पडलेलं. त्यामुळे त्या हॉलमध्ये बसलेल्या माझ्यासकट बहुतेकांना भैयांनी ‘राजी व्हा’ म्हटलेलं ऐकू आलं. या शब्दाला मराठीत दुसरा अर्थ आहे, हे मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. विचारलं कुणी नाही.

आत्यानं भैयांकडे पाहिलं. मग हातातल्या नारळाकडे. मग माझ्याकडे.

“सगळ्यांची?” तिनं विचारलं.

“सगळ्यांची,” भैया प्रेमानं म्हणाले.

“बरं. दिला,” आत्या म्हणाली. नारळ खुर्चीवर ठेवून उठली, चपला घातल्या आणि बाहेर पडली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच चहा गार व्हायच्या आत काहीतरी ठरलं होतं. आत्याला दिवाबत्तीची घाई असेल, असं आम्ही धरून चाललो. वहिनी माझ्याशेजारी येऊन दबक्या आवाजात म्हणाल्या, “इतक्या पटकन? इथे अशीच पद्धत आहे का हो?”

“आजपर्यंत नव्हती,” मी फुगून म्हटलं. “यापुढे हीच.”

वहिनींनी माझ्याकडे असं काही बघितलं, की मला वाटलं त्या माझ्या कर्तबगारीनं थक्क झाल्यात.

पुढच्या रविवारी तालमीला मुलं येऊन बसली. आत्या आली नाही. त्याच्या पुढच्याही वेळी नाही. मुलं तासभर हॉलमध्ये क्रिकेट खेळून घरी गेली. मग मी तिच्याकडे गेले.

आत्या फडताळापुढे बसली होती. मुलं त्याला अलमारी म्हणतात, ती मरेपर्यंत फडताळच म्हणाली. त्यातून पुठ्ठ्याचे मुकुट, कापसाच्या दाढ्या, झालरीचे अंगरखे बाहेर काढून ती नीट घड्या घालत होती.

“बरी आलीस,” ती म्हणाली. “हे घेऊन जा. जो कुणी नवीन नेमला असेल, त्याला दे. दाढ्या उन्हात घालायला सांग, कसर लागते.”

“कोण नवीन? आत्या, मुलं तुझी वाट बघतायत. तू राजी झालीस ना?”

“राजी?” तिनं घडी खाली ठेवली. “भर सभेत आधी तू नारळ दिलास. मग त्यानं राजीनामा मागितला. मी दिला, तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणखी कसं सांगतात गं माणसाला?”

मला आधी हसू फुटलं, पण ते फार टिकलं नाही. तिच्या बाजूनं ती सभा मी पहिल्यांदा बघत होते. भाचीनं हातात नारळ दिला, जो तिचा पहिला प्रधान त्यानं राजीनामा मागितला, आणि ती दाराबाहेर पडत असताना पाठीमागे टाळ्या. एवढा पद्धतशीर अपमान आमच्या मंडळाला ठरवून जमला नसता.

मी भडाभडा सगळं सांगितलं. कचेरीचा राजीनामा, अर्धं मराठी, अर्धं हिंदी, दारातला चहा. तिनं पुन्हा घडी उचलली.

“तो मराठीत बोलत होता की हिंदीत?”

“मराठीत. म्हणजे, आपली मराठी.”

“मग मी मराठीत ऐकलं. यात माझं काय चुकलं?” ती म्हणाली. “आणि तू कुठल्या भाषेत ऐकत होतीस?”

मी झालर नीट करत बसले.

“समजलं मला,” आत्या म्हणाली. “तुमच्या कुणाच्या मनात तसं नव्हतं. पण त्या टाळ्या मी ऐकल्यात ना. फाटकापर्यंत ऐकू येत होत्या.” तिचे डोळे भरले. मी तिला रडताना कधी बघितलं नव्हतं, आणि ते बघायला मी काय काय शिकून आले होते, याचा मला भयंकर राग आला. “यंदाचं नाटक करते. मुलांनी काय केलंय? पण राजीनामा दिलाय तो दिलाय. पुढच्या वर्षापासून दुसरं माणूस बघा.”

भैयांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीतून उठलेच. “मैंने? आत्याजी को?” ते पुन्हापुन्हा म्हणत राहिले. दुसऱ्या दिवशी मिठाईचा डबा घेऊन तिच्या दारात गेले. आत्यानं डबा घेतला, चहा दिला, प्रकृती विचारली, आणि त्या विषयावर अक्षर बोलली नाही. ते माझ्याकडे येऊन म्हणाले, “दीदी, इससे अच्छा तो डाँट देतीं.”

पुढच्या सभेत नारळ घरीच ठेवला. दिल्लीच्या गृहस्थांची ती हसण्यावारी नेलेली शेवटची गोष्ट काढली आणि म्हटलं, गेल्या वेळी काय ठरलं ते एकेकानं आपल्या शब्दांत सांगा. एक जण म्हणाला, नाटक हिंदीत करायचं ठरलं. दुसरी म्हणाली, छे, मराठीतच, फक्त निवेदन हिंदीत. बरुआसागरच्यांच्या मते निम्मं-निम्मं, पण आधी हिंदी, म्हणजे त्यांना बस मिळेल. अध्यक्ष म्हणाले, नवीन पंखा घ्यायचा ठरलं. नाशिकच्या वहिनी सगळ्यांत शेवटी बोलल्या. “तुम्ही सर्वांनी मिळून आत्यांना काढलंत ना?” त्या चाचरत म्हणाल्या. “मी नवीन, म्हणून बोलले नाही. पण मला ते आवडलं नव्हतं.”

आम्ही सगळ्यांनी एकमतानं, टाळ्या वाजवून, वेगवेगळं ठरवलं होतं, आणि ज्या दोघी एकच समजल्या होत्या त्या चुकीचं समजल्या होत्या. वाती वळणाऱ्या काकू म्हणाल्या, “मग आता तिला कोण सांगणार?” मी म्हटलं, सांगून झालंय, तिला कळलंय, नुसतं कळून भागत नाहीये. यावर काय करायचं ते टायवाल्यांनी शिकवलं नव्हतं.

तालमी बंद दाराआड झाल्या. आतून ‘बाळ, काळा, केळं’ ऐकू येई, आणि मध्येच मुलांचं हसणं. नाटक कशावर आहे, ते मुलांनी घरीही फोडलं नाही. आमच्यात एवढी गुप्तता फक्त मुलंच पाळू शकतात.

गणपतीतल्या त्या संध्याकाळी हॉल भरला. शेजारीपाजारी आले, छावणीतली मंडळी आली, भैया पहिल्या रांगेत टोकाला बसले. पडदा उघडला. एक मराठी राजा होता, आणि त्याचे सगळे नोकर हिंदी बोलणारे. राजा चिडून म्हणाला, “या चोराला शिक्षा द्या!” शिपायानं “जी महाराज” म्हणून चोराला पाटी-पेन्सिल आणून दिली. राजा ओरडला, “मूर्खा, खाली बस!” शिपाई रिकामी बस शोधायला विंगेत पळाला. राजा म्हणाला, “माझी चेष्टा करतोस?” शिपाई म्हणाला, “पूरी चेष्टा कर रहा हूँ महाराज,” आणि, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न म्हणून, जोर लावून सिंहासन उचलायला लागला.

शेजारी हसत होते, पण अर्धेच. राजा काय म्हणतोय ते कळल्याशिवाय गंमत पुरी होत नव्हती. ज्यांना पुरी कळत होती, ती आमची मुलं होती. जमिनीवर सतरंजी टाकून बसलेली, आजीला हिंदीत उत्तरं देणारी, कुणी त्यांना मराठी येते असं म्हटलं नसतं अशी. ती प्रत्येक वाक्याला शेजाऱ्यांच्या आधी हसत होती, आणि मग वळून शेजारच्या मित्रांना अर्थ सांगत होती. मी आत्याकडे बघायला विंगेकडे मान वळवली. पडद्याच्या फटीतून ती नाटक बघत नव्हती. ती सतरंजीवरच्या मुलांकडे बघत होती.

शेवटी राजा आणि प्रधान भांडतात. प्रधान हात जोडून म्हणतो, “महाराज, राजीनामा दे दीजिए, झगड़ा ख़त्म.” राजाच्या चेहऱ्यावरचं सगळं हसू जातं. तो मुकुट काढतो, सिंहासनावर ठेवतो, आणि एक शब्द न बोलता चालायला लागतो. प्रधान आणि शिपाई आनंदानं टाळ्या वाजवतात. पडदा पडतो.

शेजाऱ्यांना वाटलं, समेट झाला. ते खुशीत टाळ्या वाजवायला लागले. मंडळातल्यांचे हात मात्र मांडीवरून उचलले जाईनात. भैया खाली मान घालून बसले होते. मग सतरंजीवरची मुलं वाजवायला लागली, मग त्यांच्या आया, आणि हळूहळू हॉल दणाणून गेला.

आत्या पडद्यापुढे आली. नेहमी ती मुलांना पुढे करून मागे राहायची. या वेळी एकटीच आली, मधोमध उभी राहिली आणि तिनं हात वर केला. शाळेत वर्ग गप्प करायला करत असावी तसा. टाळ्या थांबल्या.

“टाळ्या कशाबद्दल,” आत्यानं विचारलं, “ते आधी सांगा.”

अध्यक्षांनी घसा खाकरला, पण त्यांच्या मुलीनं त्यांचा सदरा ओढून त्यांना बसवलं. मी कार्यवाह, मी सभा चालवायला शिकून आलेली, आणि मी सतरंजीच्या काठाकडे बघत होते.

पहिल्या रांगेच्या टोकाला भैया उठले. कचेरीत दिवसभर दुसऱ्यांची नावं पुकारणाऱ्या माणसाचा आवाज निघेना. त्यांनी एकदा तोंड उघडलं, मिटलं. आत्या पुढे वाकली आणि तिनं, अगदी सवयीनं, पडद्यामागून बोलायच्या दबक्या आवाजात म्हटलं, “मोठ्यानं.”

“तुम्ही जाऊ नये म्हणून, आत्या,” भैया म्हणाले. हिंदीचा एकही शब्द न घालता त्यांनी असं मनातलं सांगितलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

आत्यानं ते ऐकलं. सबंध हॉलकडे एकदा बघितलं. मग हात खाली घेतला.

“मग वाजवा,” ती म्हणाली.